पाऊणकीवर चालणारी शाळा

मोठ्या बाईंच्या अंबाड्यात कायम तीन वस्तू खोचलेल्या असत: एक आकडा, एक पाटीवरची पेन्सिल आणि दोरा ओवलेली एक सुई. आकडा केसांसाठी, बाकीच्या दोन शाळेसाठी. एखाद्या पोराचं बटण तुटलं की बाई त्याला समोर उभं करून पाढा म्हणायला लावत आणि पाढा संपायच्या आत बटण लागलेलं असे. मग सुई परत डाव्या कानामागे. पेन्सिल उजव्या कानामागे. त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली, पण त्यांचा हात चुकून दुसऱ्या बाजूला गेलेला मी एकदाही पाहिला नाही.

गावात त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते. मी धाकट्या बाई. मिठबावच्या अलीकडे एका खाडीच्या काठावर आमची कौलारू शाळा होती. चार इयत्ता, एकेचाळीस पोरं आणि आम्ही दोघी. देश स्वतंत्र होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. मी नुकती ट्रेनिंग संपवून आले होते, वय वीस, आणि माझ्याएवढं शिस्तीचं माणूस जिल्ह्यात दुसरं नाही अशी माझी पक्की समजूत होती. पेटीत तीन रंगांच्या शाईचं वेळापत्रक घेऊन मी रुजू झाले.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला शाळेची खोली दाखवली. फळीवर ओळीने बरण्या होत्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी. खडू. शाई. पाटी पुसायच्या चिंध्या. शेवटच्या बरणीवरची चिठ्ठी वाचून मला हसू आवरेना. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'रिकामी'.

"रिकाम्या बरणीला चिठ्ठी कशाला हो?" मी विचारलं.

"नायतर तू उघडून बघतलस ना!" बाई म्हणाल्या. "सोधूक गेललो येळ पोरांचो गो, आपलो न्हय."

शोधण्यात गेलेला वेळ पोरांचा, हे वाक्य त्या दिवसातून निदान चारदा म्हणत. आणखी एक गंमत सांगते. पोरांसमोर त्या मला 'धाकट्या बाई, तुम्ही' असं पुस्तकी मराठीत बोलत आणि उंबरठा ओलांडला की 'गो' आणि 'तू'. जणू उंबरठ्यावर दोन भाषांच्या दोन बरण्या ठेवल्या होत्या.

मी येण्याआधी चारही वर्ग त्या एकट्या सांभाळत. एका खोलीत चार वर्ग म्हणजे बाजारच, पण त्यांनी त्याला तोड काढली होती. चार भिंतींना चार इयत्ता, मध्ये एक स्टूल आणि त्यावर बाई. ज्यांना बाईंचं तोंड दिसेल त्यांनी बोलायचं, ज्यांना पाठ दिसेल त्यांनी लिहायचं, आणि ज्यांना कान दिसतील त्यांनी मनातल्या मनात वाचायचं. घड्याळाच्या काट्यासारख्या त्या दिवसभर स्टुलावर फिरत. गावात कोणी गप्प बसलं की लोक विचारत, 'काय रे, बायेची पाठ दिसली की काय?'

पण बाईंची खरी दौलत म्हणजे मागच्या भिंतीवरचं शीड. त्यांचे यजमान स्वतःच्या गलबतावर तांडेल होते. तापाने गेले तेव्हा बाई अठ्ठाविशीत होत्या. गलबत विकलं, पण शीड त्यांनी दिलं नाही. तिसाव्या वर्षी फायनलची परीक्षा दिली, शाळेत लागल्या, आणि त्या शिडाचा भलामोठा तुकडा भिंतीवर टांगून त्यावर खिसे शिवले. प्रत्येक पोराला एक. अलीकडच्या वाडीतल्या पोरांचे खिसे तांबड्या दोऱ्याने आणि खाडीपलीकडच्यांचे निळ्या दोऱ्याने. संध्याकाळी पोरगं आपली पेन्सिल खिशात ठेवून घरी जाई आणि सकाळी काढून घेई. घंटा झाल्यावर ज्या खिशात पेन्सिल उरली तो गैरहजर. नावं पुकारण्यात वेळ जातच नसे.

त्याच खिशात प्रत्येकाचा एक कागद असे. त्या पोराला काय येत नाही ते बाई त्यावर लिहीत. 'सत्तावीसचा पाढा.' 'हातचा विसरतो.' 'खोटं बोलताना डोळे मिटते.' एकेक गोष्ट जमली की ती ओळ खोडायची. सगळा कागद खोडून झाला की तो घडी घालून पोराच्या घरी पाठवायचा. मग आई तो देवाजवळ ठेवी. वर्षाअखेरीच्या निकालापेक्षा त्या खोडलेल्या कागदाचा मान मोठा होता.

हे सारं मला आवडलं होतं. पटत नव्हती ती एकच गोष्ट, शाळेची वेळ.

नियमाप्रमाणे शाळा अकरा ते पाच. आमची शाळा मात्र आज एका वेळेला तर उद्या दुसऱ्या. कारण निळ्या दोऱ्याची अठरा पोरं होडीने येत. भरतीच्या अलीकडे तीन तास आणि पलीकडे तीन तास होडी चाले. एरवी खाडीत ढोपरभर चिखल. आणि भरती काही घड्याळ बघून येत नाही, रोज पाऊण तास पुढे सरकते. म्हणून बाईंच्या शाळेत पहिलीच्या पोराला बे एके बेच्या आधी पाऊणकी शिकवत. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. आजची जी तिथी तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि शाळा बाराला. हा हिशेब दर्यावर्दी लोकांना बापजाद्यांपासून ठाऊक होता. बाईंना तो यजमानांनी शिकवलेला. त्यावर शाळा चालवायचं मात्र बाईंच्याच डोक्यात आलं. त्यांच्या आधी खाडीपलीकडचं एकही पोर दुसरीच्या पुढे गेलेलं नव्हतं.

मला हे तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही. मी वैभववाडीकडची, घाटाखालची. समुद्राशी माझा संबंध सुक्या बांगड्यापुरता.

मी रुजू झाले ती नवमी होती. त्या दिवशी शाळा सकाळी पावणेदहाला भरली, दशमीला साडेदहाला, एकादशीला अकराला. मला वाटलं, बाईंच्या घड्याळाला थोडी चावी कमी पडते, बाकी ठीक. एकादशीच्या संध्याकाळी बाईंना खारेपाटणहून बहीण आजारी असल्याचा निरोप आला. निघताना त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली.

"उद्या दुवादस. साताक शाळा, बारा वाजता सोडूची. इसरू नको."

"सात? सकाळी?"

"मगे काय रातचे?" म्हणत त्यांनी छत्री उघडली आणि चालू लागल्या.

मी विचार केला. जी बाई रिकाम्या बरणीला चिठ्ठी लावते, तिचं हे आणखी एक खूळ. आज अकराला भरलेली शाळा उद्या सातला भरवायची याला काय अर्थ? त्या रात्री मी माझं तीन रंगांचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. आणि दुसऱ्या दिवशी, अगदी ठोक्याला, अकरा वाजता घंटा दिली.

तांबड्या दोऱ्याची तेवीस पोरं घंटा ऐकून धावत आली. निळ्या दोऱ्याच्या अठराच्या अठरा खिशांत पेन्सिली तशाच. मी दारात येऊन पाहिलं, तर खाडीपलीकडच्या काठावर पोरं पाट्या घेऊन रांगेत उभी होती. इतक्यात होडीवाला, ज्याला सगळे तारी म्हणत, तो एकटाच होडी घेऊन आला.

"बाये, पोरांका साताक हाडललंय. शाळेक कुलूप. आठ वाजेसर रवलंय आणि परत व्हेलंय."

"मग आता आणा ना! अजून पाणी आहे खाडीत."

"आता हाडलंय तर पाचाक परत व्हरू कशी? तेवा चिखल आसतलो, पाणी नाय." तो माझ्याकडे रागाने नाही, कीव करून बघत होता. "मोठी बाय काय सांगून नाय गेली?"

आत जाऊन मी प्रार्थना सुरू केली. दोन ओळी झाल्या आणि बाहेरून आवाज आला. पलीकडच्या काठावरची पोरंही हात जोडून तीच प्रार्थना म्हणत होती. पाण्यावरून आवाज जरा उशिरा पोचत होता, त्यामुळे आमची संपल्यावरही त्यांची चालूच राहिली. मला इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. भिंतीवरचं माझं वेळापत्रक पाहिलं. मग शाळेचं लॉगबुक उघडलं. रोजची वेळ, हजर, गैरहजर आणि गैरहजेरीचं कारण अशा चार रकान्यांत दर दिवसाची नोंद करायची असे. मी वेळ लिहिली होती, आकडे लिहिले होते. चौथा रकाना कोरा होता.

"ह्यो रकानो रिकामो कित्याक?"

"काय लिहू?"

"झाला ता."

मी लिहिलं, 'शाळा घड्याळाप्रमाणे भरवली.' बाईंनी वाचलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वही मिटली. तो विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही. वेळापत्रक मी स्वतःच काढलं. दुसऱ्या दिवशी ते खडूंच्या खाली कागद म्हणून नीट घडी करून ठेवलेलं दिसलं, कारण बाई काहीच फेकत नसत.

खरं संकट आलं ते पुढे थंडीत. तालुक्याला नवे साहेब आले होते, शाळा तपासायला न कळवता जाणारे. आमच्याकडे ते दुपारी साडेबाराला पोचले आणि नेमकी त्रयोदशी. त्या दिवशी शाळा सकाळची होती, त्यामुळे दाराला कुलूप. साहेबांनी बाईंना घरून बोलावून घेतलं आणि लॉगबुक चाळलं. चाळता चाळता त्यांचा चेहरा लाल झाला. कारण बाईंनी प्रत्येक दिवसाची खरी वेळ लिहून ठेवली होती. सात ते बारा, नऊ ते तीन, बारा ते साडेपाच.

"हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय?" साहेबांना विश्वास बसेना.

आठ दिवसांत कागद आला. खुलासा करा, अन्यथा शाळा अकरा ते पाच याच वेळेत भरवावी लागेल आणि मुख्य शिक्षिका दुसरी नेमली जाईल. अकरा ते पाच म्हणजे निळ्या दोऱ्याची अठरा पोरं घरी बसणार, एवढं गावात प्रत्येकाला कळत होतं.

मी बाईंना म्हटलं, "इतर शाळांत काय करतात, ठाऊक आहे ना? वेळ हवी तशी ठेवतात आणि वहीत अकरा ते पाच लिहितात. तुम्ही लिहिलं असतंत तर कुठे काय बिघडलं असतं?"

बाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "खोटा लिवलंय तर उद्या माझाच माका गावाचा नाय."

खोटं लिहिलं तर आपलंच आपल्याला सापडायचं नाही, हे त्या वेळी मला वेडेपण वाटलं. आता वाटतं, त्यांचा नीटनेटकेपणा सारा या एका वाक्यातून आला होता. जे जिथे आहे तिथेच ते आहे म्हणायचं. रिकामी बरणी असेल तर रिकामी लिहायचं.

खुलाशाच्या दिवशी शाळेला सुट्टी देऊन आम्ही दोघी तालुक्याला गेलो. बाईंच्या डोक्यावर गाठोडं होतं. त्यात अठरा वर्षांची लॉगबुकं आणि अठरा वर्षांची पंचांगं. जुनं पंचांग कोणी ठेवतं का? बाई ठेवत.

"साहेब, कोणतंही वर्ष काढा," बाई कचेरीतल्या मराठीत म्हणाल्या. "तारीख तुम्ही सांगा. त्या दिवशी शाळा किती वाजता होती ते मी सांगते."

साहेबांनी मधलंच एक बुक ओढलं आणि तारीख सांगितली. बाईंनी त्या सालचं पंचांग उघडलं. "नवमी. नऊ पाऊण पावणेसात. भरती पावणेसातला, सकाळीही आणि संध्याकाळीही. पोरं पावणेदहाच्या आत येणार, चारनंतर जाणार. शाळा पावणेदहा ते सव्वाचार." साहेबांनी पान पाहिलं. तसंच होतं. त्यांनी दुसरी तारीख दिली, तिसरी दिली. प्रत्येक वेळी वहीतली वेळ बाईंच्या तोंडून बाहेर पडली. शेजारच्या टेबलावरचा कारकून लिहायचं थांबवून ऐकायला लागला. मला तर बाईंचा इतका अभिमान वाटत होता की मी मनातल्या मनात पुढची उत्तरं म्हणत होते.

साहेब मात्र कच्चे नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही नियमाने अनियमित आहात, एवढं सिद्ध झालं. पण शाळा अकरा ते पाच ठेवली तर ती मुलं येणारच नाहीत, हे कशावरून? कधी ठेवून पाहिलीत का?"

बाईंनी वरच्या बुकावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मी नाही ठेवली, साहेब."

आणि थांबल्या. गाठोड्यातल्या सगळ्यात वरच्या बुकावर त्यांचा हात होता, आणि त्या बुकात कितव्या पानावर काय आहे हे त्यांना माहीत नसेल असं मला पटलंच नाही. मग लक्षात आलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. कायम करायचा कागद याच कचेरीत, याच साहेबांच्या सहीसाठी पडून होता. ते पान उघडलं की माझा बेजबाबदारपणा माझ्याच अक्षरात त्यांच्यापुढे येणार होता. बाई ते पान उघडणार नव्हत्या.

मी उठले, बाईंच्या हाताखालून बुक काढून घेतलं आणि जूनचं पान उघडलं. शोधण्यात वेळ गेला नाही.

"मी ठेवून पाहिली, साहेब," मी म्हटलं. "मोठ्या बाई गावाला गेल्या होत्या. त्यांनी सात वाजता शाळा भरवायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

साहेबांनी वाचलं. अकरा ते पाच. हजर तेवीस. गैरहजर अठरा. शेवटचा रकाना त्यांनी मोठ्याने वाचला, "शाळा घड्याळाप्रमाणे भरवली."

"हे अठरा कुठले?"

"सगळे खाडीपलीकडचे."

"आणि हेच पोरगे आदल्या दिवशी? नंतर?"

मी पानं उलटून दाखवली. आदल्या दिवशी एकही गैरहजर नव्हता. नंतरच्या आठवड्यात एक, ताप.

साहेबांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवून पुटपुटले, "आज चतुर्थी. चार पाऊण तीन." लहानपणी त्यांनीही पाऊणकी घोकली असणार. एकदम दचकून म्हणाले, "म्हणजे आज शाळा बाराला भरायला हवी! तुम्ही दोघी इथे, मग तिथे कोण आहे?"

"आज सुट्टी दिली आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "येत्या रविवारी भरून काढणार. लॉगबुकात लिहिलं आहे."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दडवलं. लॉगबुकाच्या त्याच पानाखाली त्यांनी दोन ओळींची परवानगी लिहिली. शाळेची वेळ भरतीप्रमाणे ठेवावी, मात्र रोजची नोंद अशीच खरी ठेवावी. माझ्याबद्दल एक शब्दही काढला नाही. कायम झाल्याचा कागद मला महिन्याभराने मिळाला.

येताना आम्ही चालत होतो. मी न राहवून विचारलं, "तुम्हाला ते पान ठाऊक होतं ना?"

"माका नाय तर कोणाक?"

"मग बोलला का नाहीत?"

"ता पान तुझा, गो. माझा न्हय."

"आणि मी उठले नसते तर?"

"तर शाळेची वेळ गेली असती. तुझी नोकरी रवली असती."

मला रागच आला. "माझ्या एकटीसाठी अठरा पोरांची शाळा घालवली असतीत?"

बाई थांबल्या, गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "अठरांची मी दुसरी कायतरी वाट काढललंय असतंय. पण माझी पोरां एकोणीस आसत," म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. त्यांचा हिशेब कधी चुकत नसे, म्हणून मी घरी पोचेपर्यंत एकोणिसावं कोण याचा विचार करत होते. कळलं तेव्हा चुलीपुढे बसून मी पोटभर रडले.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला शाळेचा चार्ज दिला. यादी त्यांच्याच अक्षरात होती. घंटा एक. स्टूल एक. बरण्या सात, पैकी रिकामी एक. शीड एक, खिसे बेचाळीस.

"एकेचाळीस," मी म्हटलं. सात वर्षांत मी एवढी तरी तयार झाले होते.

"मोज."

मी मोजले. अगदी खाली कोपऱ्यात, फळीच्या आडोशाला, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला एक लहान खिसा होता. त्यात पिवळा पडलेला कागद. 'घड्याळावर फार विश्वास.' खोडलेलं. 'समुद्र माहीत नाही.' खोडलेलं. 'आपली चूक आपण सांगते का, बघणे.' ही ओळ दोनदा खोडली होती आणि पुढे तिथी घातली होती, चतुर्थी. शेवटची ओळ तेवढी तशीच होती, 'वस्तू जागच्या जागी ठेवत नाही.'

"ही नाही खोडलीत?" मी विचारलं.

"रवांदे ती." बाईंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी घालून परत त्याच खिशात ठेवला. "सगळा खोडला काय कागद घराक धाडूचो लागता. तू खंय जातलस? आता शाळा तुझी."

यादीवर सही करायला मी पेन शोधू लागले. ते नेहमीप्रमाणे कुठेतरी ठेवलं होतं. बाईंनी 'सोधूक गेललो येळ' म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणाल्या काहीच नाहीत. उंबऱ्याजवळ जाऊन छत्री उचलली आणि बाहेर बघत म्हणाल्या, "धाकट्या बाई, उद्या षष्ठी आहे. सहा पाऊण?"

"साडेचार," मी म्हटलं.